पेशवे उद्यान

पेशवे उद्यान हे महाराष्ट्रातील पुणे शहरात, पर्वती टेकडीच्या पायथ्याशी आणि सारसबागेला लागून असलेले सार्वजनिक उद्यान आहे. बोलण्यात त्याचा उल्लेख सहसा ‘पेशवे पार्क’ असा होतो. पुणे महानगरपालिकेने १९५३ साली येथे सुमारे सात एकर जागेत प्राणिसंग्रहालय सुरू केले. १९५६ साली उद्यानात ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. पुढे येथील प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आले आणि मूळ जागेवर ऊर्जा उद्यान व साहसी खेळांचे उद्यान उभे राहिले. मुलांना सोबत घेऊन अर्धा दिवस घालवण्याचे ठिकाण म्हणून पुण्यातील अनेक पिढ्यांना हे उद्यान परिचित आहे. शहराच्या मध्यभागी असलेले लहान प्राणिसंग्रहालय कोणत्या गरजेतून जन्माला येते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ते का बंद होते, याचे उदाहरण म्हणूनही पेशवे उद्यानाचा इतिहास महत्त्वाचा आहे.

स्थान आणि परिसर

पर्वती टेकडीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत १७४९ साली बांधून पूर्ण झाले. त्याच काळात टेकडीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून एक विस्तीर्ण तळे तयार करण्यात आले. तळ्याच्या मध्यभागी एक बेट राखण्यात आले व त्यावर बाग करण्यात आली. हीच सारसबाग होय. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७८४ साली, या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. चारही बाजूंनी पाणी असल्यामुळे हा गणपती ‘तळ्यातला गणपती’ या नावाने ओळखला जाऊ लागला. विसाव्या शतकात तळे राहिले नाही आणि त्या जागी हिरवळ, पायवाटा व बागा आल्या. मात्र देवाचे जुने नाव लोकांच्या तोंडी कायम आहे. थंडीच्या दिवसांत या गणपतीला स्वेटर व कानटोपी घालण्याची प्रथा आहे आणि ते रूप पाहण्यासाठी मुले आवर्जून येतात.

पर्वती, सारसबाग व पेशवे उद्यान ही तीनही ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्वारगेटचे बसस्थानकही जवळच आहे. त्यामुळे शहराच्या पेठांमधून, उपनगरांतून आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या कुटुंबांना येथे पोहोचणे सोपे होते. उद्यानाची लोकप्रियता वाढण्यामागे प्राण्यांइतकेच हे स्थानही कारणीभूत होते.

पूर्वपीठिका : पेशव्यांचा शिकारखाना

पर्वतीच्या परिसरात प्राणी पाळण्याची परंपरा महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयापेक्षा बरीच जुनी आहे. सवाई माधवरावांना प्राण्यांची विशेष आवड होती आणि त्यांचा शिकारखाना याच भागात होता. ‘शिकारखाना’ या शब्दात शिकार असली, तरी दरबाराने बाळगलेल्या वन्य प्राण्यांच्या संग्रहालाही हा शब्द वापरला जाई. १७८६ पासून पुणे दरबारात इंग्रजांचा वकील असलेला चार्ल्स मॅलेट याला या संग्रहाचे कुतूहल होते. त्याच्यासाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने १७९० साली पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. हे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. तांबट याने वेरूळच्या लेण्यांचीही चित्रे काढली होती. अठराव्या शतकातील मराठी चित्रकाराने समोर पाहून काढलेले प्राण्याचे चित्र म्हणून शिकारखान्यातील गेंड्याच्या चित्राला इतिहासात स्थान आहे.

शिकारखाना आणि आधुनिक प्राणिसंग्रहालय यांत मूलभूत फरक आहे. शिकारखाना हा राज्यकर्त्याच्या वैभवाचा भाग असे. कोणाला प्रवेश द्यायचा हे राज्यकर्ता ठरवी आणि दुर्मीळ प्राणी हे नजराणा म्हणून दिले-घेतले जात. युरोपातही हीच पद्धत होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ साली पॅरिसमध्ये राजाचे प्राणी सार्वजनिक वनस्पती उद्यानात आणले गेले. लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ साली अभ्यासकांसाठी सुरू झाले व १८४७ पासून सामान्य लोकांना खुले झाले. भारतात मद्रास, त्रिवेंद्रम, मुंबई, कलकत्ता अशा शहरांमध्ये एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक प्राणिसंग्रहालये स्थापन झाली. मुंबईतील भायखळ्याची राणीची बाग (सध्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) १८६२ साली खुली झाली. राणीच्या बागेने महाराष्ट्रातील नंतरच्या नगर-उद्यानांना एक नमुना घालून दिला. झाडे, पिंजरे, हिरवळ आणि सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन येणारी कुटुंबे हे त्याचे घटक होते.

स्थापना

पुणे महानगरपालिकेची स्थापना १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाली. त्यानंतर तीन वर्षांतच, १९५३ साली, पेशवे उद्यान प्राणिसंग्रहालय सुरू झाले. नव्या नगरसंस्थेच्या दृष्टीने पाणी, रस्ते व आरोग्य यांप्रमाणेच नागरिकांचा विरंगुळा हाही सार्वजनिक कामाचा भाग मानला जाऊ लागल्याचे हे द्योतक होते. त्या काळात दूरचित्रवाणी नव्हती. शाळकरी मुलाला वाघ-सिंह दिसत ते पाठ्यपुस्तकातील चित्रांत किंवा गावात आलेल्या सर्कशीत. सर्कस महाग असे आणि ती वर्षातून एखाद्या वेळीच येई. त्या तुलनेत नगरपालिकेचे प्राणिसंग्रहालय वर्षभर खुले आणि सामान्य कुटुंबाच्या खिशाला परवडणारे होते.

उद्यानात वाघ, सिंह, हत्ती, माकडे, हरणे, मोर व इतर पक्षी ठेवण्यात आले होते. सात एकर म्हणजे तीन हेक्टरांपेक्षा कमी जागा असल्यामुळे पिंजरे जवळजवळ होते आणि पायवाटेने संपूर्ण फेरी थोड्या वेळात पूर्ण होत असे. लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी ही सोयीची गोष्ट होती. प्राण्यांसाठी मात्र हीच पुढे सर्वांत मोठी अडचण ठरली.

फुलराणी

उद्यानातील छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली आणि तिचे नाव ‘फुलराणी’ ठेवण्यात आले. बालकवी (त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९०–१९१८) यांच्या ‘फुलराणी’ या कवितेमुळे हे नाव मराठी वाचकांच्या आधीपासून परिचयाचे होते. उघड्या डब्यांची ही गाडी उद्यानाभोवती फेरी मारून निघाल्या जागी परत येते. गाडीत मुलांसोबत पालकही बसू शकतात.

महाराष्ट्रात लहान आगगाडीचे आकर्षण जुने आहे. नेरळ–माथेरान हा अरुंद लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. परंतु तो प्रवासी वाहतुकीसाठी होता. फुलराणीचा हेतू प्रवासाचा नसून केवळ फेरीचा होता. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’ ही गाडी याच प्रकारात मोडते. प्राणी कात्रजला गेल्यानंतरही फुलराणी पेशवे उद्यानातच राहिली. त्यामुळे उद्यानाची ओळख प्राण्यांपेक्षा या गाडीशी अधिक काळ जोडलेली राहिली आहे.

सहलीचे स्वरूप

पेशवे उद्यानाची सहल ही मुख्यतः अर्ध्या दिवसाची सहल असे. तिचा क्रम साधारण ठरलेला होता. सारसबागेत गणपतीचे दर्शन, त्यानंतर प्राणी पाहणे, फुलराणीची फेरी, हिरवळीवर बसून घरून आणलेला डबा आणि संध्याकाळी सारसबागेजवळच्या गाड्यांवर भेळ, असा तो क्रम होय. ज्यांच्याकडे वेळ व उत्साह असे ती कुटुंबे पर्वतीच्या १०३ पायऱ्याही चढून येत. उन्हाळ्याची व दिवाळीची सुट्टी, रविवार आणि परगावाहून पाहुणे आल्याचे निमित्त या दिवशी गर्दी विशेष असे. पुणे जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील शाळांच्या सहलींमध्येही शनिवारवाडा व पर्वती यांच्या जोडीने पेशवे उद्यानाचा समावेश होई.

अशा सहलीची काही वैशिष्ट्ये समाजजीवनाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. पहिले वैशिष्ट्य म्हणजे तीत सर्व वयोगटांना सहभागी होता येते. आजी-आजोबा सावलीतील बाकावर बसतात, आई-वडील मुलांना पिंजऱ्यांपाशी नेतात आणि मोठी मुले धाकट्यांना प्राण्यांची नावे सांगतात. दुसरे वैशिष्ट्य कमी खर्चाचे आहे. तिकिटाचा भार किरकोळ आणि जेवण घरचे असल्यामुळे मोठ्या कुटुंबालाही ही सहल शक्य होते. तिसरे वैशिष्ट्य शिक्षणाशी संबंधित आहे. नागरी मुलाने प्रत्यक्ष पाहिलेला पहिला वन्य प्राणी बहुधा अशाच ठिकाणचा असतो. त्या प्राण्याचा आकार, वास, आवाज व हालचाल यांची जाणीव चित्रातून किंवा पडद्यावरून येत नाही.

मात्र मुलाला काय दिसते यावर तो काय शिकतो हे अवलंबून असते. मोकळ्या आवारात चरणारे काळवीट पाहणाऱ्या मुलाला त्याच्या कळपाचे, शिंगांचे व धावण्याचे ज्ञान होते. सिमेंटच्या अरुंद पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा वाघ पाहणाऱ्या मुलाच्या मनावर त्या प्राण्याचे स्वाभाविक जीवन ठसत नाही. प्राणी ही माणसाच्या करमणुकीची वस्तू आहे, एवढेच त्याच्या मनावर ठसू शकते. लहान प्राणिसंग्रहालयांविषयीच्या वादाचे मूळ या प्रश्नात आहे.

लहान जागेतील अडचणी

शहराच्या मध्यभागी असलेल्या लहान प्राणिसंग्रहालयांमध्ये सर्वसाधारणपणे पुढील अडचणी उद्भवतात.

जागेची कमतरता : जंगलातील वाघाचे क्षेत्र कित्येक चौरस किलोमीटरांचे असते. कोणतेही प्राणिसंग्रहालय तेवढी जागा देऊ शकत नाही. परंतु किमान धावता येईल, लपता येईल, पाण्यात बसता येईल आणि उंचावर चढता येईल एवढी विविधता आवारात असणे आवश्यक मानले जाते. गजांच्या पिंजऱ्यात यांपैकी काहीच शक्य नसते. अशा परिस्थितीत प्राणी एकाच वाटेने सतत फेऱ्या मारणे, डोके हलवत राहणे किंवा स्वतःचे अंग चाटून जखम करणे अशा हालचाली वारंवार करू लागतो. प्राणिवर्तनशास्त्रात अशा निरर्थक व पुनरावृत्त हालचाली तणावाचे लक्षण समजल्या जातात.

संख्येवरील नियंत्रण : चितळ व काळवीट यांचे प्रजनन बंदिवासात सहज होते. वर्षातील कोणत्याही काळात पाडसे जन्मू शकत असल्याने कळप लवकर वाढतो. जागा तेवढीच राहिल्यास नरांमध्ये झुंजी होतात, चारा अपुरा पडतो आणि रोगाचा प्रसार वेगाने होतो. नर व मादी वेगळे ठेवणे किंवा जादा प्राणी इतर संग्रहालयांना देणे हे त्यावरील उपाय आहेत. पण वेगळे ठेवण्यासाठीही पुन्हा जागाच लागते.

विलगीकरण व उपचार : नव्याने आलेला प्राणी काही काळ इतरांपासून दूर ठेवावा लागतो. आजारी प्राण्यासाठी स्वतंत्र खोली, शवविच्छेदनाची सोय, अन्न साठवण्याची व कापण्याची स्वच्छ जागा यांची गरज असते. प्रेक्षकांच्या वाटांनी व्यापलेल्या सात एकरांत या सर्व सोयींना वाव राहत नाही.

गर्दी आणि गोंगाट : सणासुदीची वाहतूक, ध्वनिक्षेपक व फटाके यांचा आवाज शहरातील प्राण्यांपर्यंत पोहोचतो. प्रेक्षकांपैकी काही जण प्राण्यांना खडे मारतात, ओरडून उठवतात किंवा शेंगदाणे, बिस्किटे व केळी देतात. माकडे व हरणे असे खाद्य घेतात आणि त्यासोबत कागद व प्लास्टिकही पोटात जाते. प्लास्टिक हरणाच्या जठरात साठून राहते व पचनमार्ग बंद होऊन प्राणी दगावू शकतो.

कायदेशीर चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने ते समाविष्ट करण्यात आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्यानंतर प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात कोणतेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. आवारांचा आकार, पशुवैद्यकीय सेवा, नोंदवह्या, कर्मचारी, कुंपण व स्वच्छता यांविषयी नियम ठरवण्यात आले. प्राण्यांची देवाणघेवाण मान्यताप्राप्त संस्थांमध्येच आणि प्राधिकरणाच्या परवानगीने करणे बंधनकारक झाले. नियमांनुसार प्राणिसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे लागते. साप्ताहिक सुट्टी कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असते असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्राण्यांना शांतता मिळावी व देखभालीची कामे करता यावीत हा तिचा हेतू आहे.

प्रेक्षकांवरही याच अधिनियमाने बंधने घातली आहेत. प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे यांस मनाई असून त्याबद्दल कारावासाची किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते.

१९९८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण जाहीर केले. त्यात प्राणिसंग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट वन्यजीवांच्या संवर्धनास पूरक ठरणे हे असल्याचे स्पष्ट करण्यात आले. करमणुकीसाठी प्राणी गोळा करणे हे यापुढे पुरेसे कारण राहिले नाही. देशातील अनेक लहान नगर-प्राणिसंग्रहालये व हरिण उद्याने या निकषांत बसू शकली नाहीत. त्यांपैकी काहींनी सुधारणा केल्या, काहींनी जागा बदलली आणि काही बंद पडली. पेशवे उद्यान हे जागा बदलणाऱ्यांपैकी होते.

कात्रजला स्थलांतर

पुण्याच्या दक्षिणेस सातारा रस्त्यावर कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले होते. नीलिमकुमार खैरे हे त्याचे संस्थापक संचालक होत. १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहून खैरे यांनी सापांविषयीच्या भीतीकडे लोकांचे लक्ष वेधले होते. साप विनाकारण दंश करीत नाही, हे दाखवणे हा त्यामागील उद्देश होता. सर्पोद्यानात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांशी सर्वाधिक संबंध येणारे चार प्रमुख विषारी साप, म्हणजे नाग, मण्यार, घोणस व फुरसे, तसेच धामण, अजगर यांसारखे बिनविषारी साप प्रेक्षकांना पाहता येऊ लागले. नागपंचमीच्या निमित्ताने सापांविषयीच्या अंधश्रद्धा दूर करणारे कार्यक्रमही तेथे होऊ लागले.

या सर्पोद्यानाच्या परिसरातच महानगरपालिकेने मोठे प्राणिसंग्रहालय उभारण्याचे ठरवले. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय व वन्यप्राणी संशोधन केंद्र या नावाने ते १९९९ साली सुरू झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० एकर असून त्यात सुमारे ४२ एकरांच्या कात्रज तलावाचा समावेश आहे. पेशवे उद्यानाच्या तुलनेत हे क्षेत्र अठरा पटींहून अधिक आहे. प्राणिसंग्रहालय, सर्पोद्यान आणि जखमी व अनाथ प्राण्यांचे अनाथालय असे त्याचे तीन भाग आहेत. पेशवे उद्यानातील प्राणी टप्प्याटप्प्याने येथे आणण्यात आले व मूळ प्राणिसंग्रहालय बंद झाले.

दोन्ही जागांमध्ये एक भौगोलिक दुवा आहे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो व पर्वतीच्या बाजूने शहरात येऊन मुठा नदीला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी याच कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणले होते. त्यामुळे जुने व नवे अशी पुण्याची दोन्ही प्राणिसंग्रहालये पेशवेकालीन जलव्यवस्थेच्या दोन ठिकाणांवर वसलेली आहेत.

खंदकाची आवारे

कात्रज येथे मोठ्या प्राण्यांसाठी गजांऐवजी खंदक असलेल्या खुल्या आवारांचा वापर करण्यात आला. ही पद्धत जर्मनीतील प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली. प्राणी जास्तीत जास्त किती लांब व उंच उडी मारू शकतो याचा अंदाज घेऊन खंदकाची रुंदी व खोली ठरवली जाते. प्रेक्षकांच्या बाजूची भिंत सरळ व उंच असते, तर प्राण्याच्या बाजूने खंदक उतरता ठेवतात. प्रेक्षकाची नजर खंदकावरून पलीकडे जात असल्याने मधला अडथळा जाणवत नाही.

आवाराच्या मागील बाजूस प्राण्याच्या रात्रीच्या निवाऱ्याच्या खोल्या असतात. संध्याकाळी खाद्य तेथे दिले जाते. प्राणी आत गेल्यावर दरवाजा बाहेरून दोरखंडाने किंवा चाकाने सरकवून बंद करतात व त्यानंतरच रखवालदार आवारात उतरून सफाई करतो. खाण्याच्या ओढीने प्राणी स्वतःहून आत येत असल्यामुळे त्याला हुसकावे लागत नाही आणि त्याच्या तब्येतीची रोजची पाहणीही होते. अन्न शिल्लक राहणे हे बहुतेक आजारांचे पहिले लक्षण असते.

अशा आवारांचा एक परिणाम प्रेक्षकाला जाणवतो. प्राणी झाडीत किंवा सावलीत बसलेला असल्यास तो दिसत नाही आणि मुले हिरमुसतात. प्राण्याला नजरेआड होता येणे हा उत्तम आवाराचा गुण असल्याने या गैरसोयीला दोष मानले जात नाही. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर बहुतेक सस्तन प्राणी अधिक हालचाल करतात, त्यामुळे त्या वेळेस केलेली फेरी अधिक फलदायी ठरते.

ऊर्जा उद्यान व साहसी उद्यान

प्राणी गेल्यानंतर पेशवे उद्यानाच्या जागेचा उपयोग मुलांसाठीच करण्यात आला. उद्यानाच्या एका भागात अपारंपरिक ऊर्जेवर आधारित ऊर्जा उद्यान विकसित झाले. सूर्यप्रकाश, वारा व मानवी श्रम यांपासून ऊर्जा कशी मिळते हे खेळातून दाखवणारी साधने तेथे ठेवण्यात आली. दुसऱ्या भागात दोर, जाळ्या व चढणी यांचा समावेश असलेले साहसी उद्यान करण्यात आले. जुनी मोठी झाडे कायम राहिल्याने उद्यानाची सावली टिकून आहे. पिंजऱ्यातील प्राणी हे उद्यानाचे आकर्षण नाहीसे झाले, तरी जागा बांधकामासाठी न जाता मुलांच्या वापरात राहिली, ही या बदलाची जमेची बाजू मानता येईल.

परिणाम आणि मूल्यमापन

प्राणिसंग्रहालय शहराबाहेर नेण्याचे लाभ प्राण्यांच्या दृष्टीने स्पष्ट आहेत. जागा, हिरवळ, पाणी, उपचारांची सोय आणि शहरी गोंगाटापासून अंतर या सर्व बाबतींत कात्रज सरस आहे. अनाथालयामुळे विहिरीत पडलेले, वाहनाखाली जखमी झालेले किंवा मानवी वस्तीत सापडलेले वन्य प्राणी व पक्षी यांच्यावर उपचार करण्याचे ठिकाण उपलब्ध झाले. पेशवे उद्यानाच्या मर्यादेत हे कार्य शक्य नव्हते.

कुटुंबांच्या दृष्टीने मात्र सहलीचे स्वरूप बदलले. पेठेतील घरातून चालत किंवा सायकलवर जाऊन तासाभरात परत येण्याजोगे ठिकाण राहिले नाही. कात्रजसाठी बस किंवा वाहन आणि पुरेसा वेळ लागतो. आवारे एकमेकांपासून दूर असल्याने बरेच चालावे लागते; वृद्ध व लहान मुले यांच्यासाठी तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची सोय आहे. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. अर्ध्या दिवसाच्या घरगुती फेरीची जागा दिवसभराच्या नियोजित सहलीने घेतली.

पेशवे उद्यानाच्या उदाहरणातून लहान प्राणिसंग्रहालयांसंबंधी काही निष्कर्ष निघतात. लहान जागेत वाघ, सिंह, हत्ती यांसारखे मोठे प्राणी ठेवणे योग्य नाही, याविषयी आता फारसे दुमत नाही. हत्तींच्या बाबतीत तर केंद्रीय प्राधिकरणाने २००९ साली ते प्राणिसंग्रहालयांत न ठेवता छावण्यांत किंवा अभयारण्यांत हलवण्याचा निर्देश दिला. मात्र शहरातील मुलांना निसर्गाशी जोडणारे जवळचे व स्वस्त ठिकाण हवे, ही गरज त्यामुळे संपत नाही. फुलपाखरांना उपयुक्त झाडे असलेली बाग, स्थानिक वृक्षांचा संग्रह, पक्षी उतरतील असा पाणवठा किंवा ऊर्जा उद्यानासारखा प्रयोग यांतून ती काही अंशी भागवता येते. पर्वतीच्या पायथ्याशी ही गरज आधी शिकारखान्याने दरबारापुरती, नंतर प्राणिसंग्रहालयाने सर्वांसाठी आणि आता उद्यानाने प्राण्यांविना भागवली आहे.

हे सुद्धा पहा

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, पुणे
सारसबाग
पर्वती
कात्रज तलाव
आंबिल ओढा
वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान
गंगाराम तांबट
केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण